बिबट्याची शिवण

माझे वडील आयुष्यात एकदाच टीव्हीवर दिसले, आणि तेही बिबट्याची बाजू घेऊन ओरडताना. दिसले जेमतेम दोन श्वासांपुरते. पहिल्या रांगेत उभे, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, बगलेत घडी घातलेली तपकिरी शाल, आणि तोंड इतकं उघडलेलं की घरात ते तेवढं उघडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. म्हैसूरच्या आमच्या गल्लीत तोवर केबल जवळजवळ सगळ्यांकडे आली होती, त्यामुळे कोणी बघितलं नसेल अशी आशाही करण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत प्रत्येकाने अप्पांना विचारलं, तुम्ही आणि कुस्तीला? अप्पांनी सगळ्यांना एकच सांगितलं, की कामासाठी गेलो होतो. ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच कोणाला पटलं नाही.

कुस्तीवेडी होते ती मी. आमच्या गावात कुस्तीला तोटा नाही. पेठेपेठेत गरडी, म्हणजे तालीम, आहे, लाल माती आहे, आणि दसऱ्याच्या कुस्त्या बघायला म्हातारेकोतारेही भल्या सकाळी जागा धरून बसतात. पण त्या कुस्तीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला हवी होती ती दोरांच्या चौकटीतली, दिव्यांच्या झगमगाटातली, बँडबाजा वाजवत येणाऱ्या पैलवानांची. देशभरातले आडदांड गडी जमवून एक कंपनी गावोगावी हा खेळ करायची आणि दर रविवारी दुपारी तो टीव्हीवर लागायचा. कॉलेज नुकतंच संपलं होतं, घरात मी एकुलती एक, आणि रविवारी दुपारी मला हाक मारायची कोणाची छाती नव्हती.

आमचं घराणं शिंप्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं, घरात मराठी बोलणारं आणि मराठीच्या निम्म्या वाक्यात कन्नडमध्ये घुसणारं. अशा घरात पैलवानांना नावं नसतात, कापडं असतात. माझा लाडका होता तो सॅटिनवाला. पांढऱ्या सॅटिनची तोकडी चड्डी, तिला सोनेरी काठ, खांद्यावर तसाच झगा. त्याचा कट्टर वैरी बिबट्या. तो अंगासरशी बसणारा, ताणणारा, बिबट्याच्या ठिपक्यांचा पोशाख घालायचा आणि सगळ्या लबाड्या करायचा. दोन रविवारांपूर्वीच त्याने सॅटिनवाल्याच्या डोळ्यांत कसलीशी पूड टाकली होती, आणि मी संध्याकाळी जेवले नव्हते. आई शेजारी बसून साड्यांचे फॉल लावत एका डोळ्याने बघायची आणि दर वेळी म्हणायची, यांच्या आया बघत असतील का गं हे. अप्पा बघायचे नाहीत. येताजाता एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, खांद्यात तंग झालाय.

हे सगळं ठरवून चालतं, असं सांगायला लोकांना भारी आवडायचं. जणू मला ठाऊकच नव्हतं. लग्नात अंतरपाट धरतात तेव्हा पलीकडे कोण उभं आहे हे मांडवातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. तरी पाट दूर होताना सगळे माना उंचावतातच ना? मी तशी मान उंचावून बघायची. कोणी फार शहाणपणा केला तर मी त्याला ऐकवायचीही. माझं तोंड तेव्हापासून असंच आहे.

हे तोंड घरात मात्र एकाच गोष्टीसाठी झिजत होतं. मला दुकानात बसायचं होतं. घराच्या पुढच्या खोलीतच आमचं दुकान, पँट-शर्टाचं. शिवणकाम मला अप्पांनीच शिकवलं होतं, पण ते मागच्या खोलीतल्या मशिनीवर. पोलकी, परकर, शाळेच्या गणवेशाची टोकं दुमडणं, एवढंच माझ्याकडे यायचं. पुढच्या मशिनीला मी हात लावलेला त्यांना चालत नसे. पुरुषांची कापडं, पुरुष गिऱ्हाइकं, ती काय म्हणतील, असं ते म्हणायचे. मी भांडले, रुसले, आईकरवी निरोप धाडले. अप्पा रागावत नसत. "बघू" म्हणत. अप्पांचं "बघू" म्हणजे "नाही"च असायचं, फक्त धुऊन इस्त्री केलेलं.

अशात कळलं की कुस्तीवाल्यांचा खेळ आमच्याच गावात, दसऱ्याच्या प्रदर्शनाच्या मैदानावर होणार आहे, आणि टीव्हीवालेही येणार आहेत. मी नाचायचीच बाकी राहिले. सर्वांत मागच्या बाकांचं तिकीट मिळालं, म्हणजे सॅटिनवाला मला अंगठ्याएवढा दिसला असता, पण दिसला असता. मग आईने भिंतीवरच्या पंचांगाची पानं उलटली आणि म्हणाली, अय्यो, त्या दिवशी एकादशी.

माझं काही अडत नव्हतं, पण आमच्या गल्लीत एकादशी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यातले माळकरी त्या दिवशी सुई-कात्रीला सुट्टी देतात. आदल्या रात्री मशिनीचा पट्टा उतरवायचा, तिला कुंकू लावायचं, वरून धुतलेलं कापड घालायचं. दिवसभर उपास, संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात भजन. अप्पांनी यात आपली एक पट्टी जोडली होती. त्यांच्या मते काम नुसतं हातानं होत नाही, तोंडानंही होतं. त्यामुळे एकादशीला दोरा कुठला, टाका केवढा, यातलं अवाक्षर ते काढत नसत. घरात मी मागच्या मशिनीवर बसलेच तर ते उठून दुसरीकडे जायचे.

त्या एकादशीला सकाळी अप्पा दुकानाच्या उंबऱ्यात बसून भजनाचे टाळ चिंचेने घासत होते. म्हणून आमचं दार तेवढं उघडं होतं. बाकी सगळी गल्ली बंद, कारण बाकी सगळेही आमच्यातलेच. एक रिक्षा आली, तिच्यातून एक घामाघूम माणूस उतरला आणि त्याच्यामागून, रिक्षा एका बाजूला कलंडवत, बिबट्या उतरला.

मी आतल्या दारात उभी होते. ठिपके नव्हते, साधा शर्ट आणि लुंगी होती, पण त्या मानेवरून मी त्याला अंधारातही ओळखलं असतं. माझ्या मनात आधी आलं की याच्यावर काहीतरी फेकावं. त्याने चपला बाहेर काढल्या, वाकून दारातून आत आला, विठ्ठलाच्या तसबिरीला हात जोडले आणि हळू आवाजात हिंदीत विचारलं, थोडं पाणी मिळेल का. मी पाणी दिलं. पण तांब्या जरा आपटूनच ठेवला.

घामाघूम माणूस त्यांचा व्यवस्थापक होता. त्याने पिशवीतून ठिपक्यांचा पोशाख काढला. मागच्या गावच्या खेळात बसण्याच्या जागेची शिवण वीतभर उसवली होती. त्यांचा नेहमीचा शिंपी तापाने फणफणून तिकडेच राहिला होता, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की शिंपी हवा असेल तर या गल्लीत जा. बरोबर सांगितलं होतं, दिवस तेवढा चुकला होता. संध्याकाळी खेळ, पोशाख हा एकच, आणि समोर टीव्हीचे कॅमेरे. अप्पांनी ओले हात जोडले. म्हणाले, आज नाही, उद्या पहाटे या, आल्याबरोबर करून देतो. व्यवस्थापक हताश होऊन बघत राहिला. बिबट्याने मात्र पोशाख नीट घडी करून परत पिशवीत ठेवायला घेतला.

ती घडी बघून माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी आतून म्हणाले की मी माळ घातलेली नाही.

अप्पांनी मान वळवली नाही. मला वाटलं ऐकलंच नाही. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला कुठली आलीय एकादशी? सकाळी चार इडल्या खाल्ल्यात तिनं."

अप्पांनी टाळ खाली ठेवले. मग रस्त्याकडेच बघत ते मला म्हणाले, "शिव. मी बघणार नाही, सांगणार नाही. पण एक ऐक. दुकानातनं जाणारी शिवण आहे. उसवली, तर दुकानाचा विषय परत काढायचा नाही."

"आणि टिकली तर?"

"बघू."

पुढच्या मशिनीचा पट्टा मी पहिल्यांदा चढवला. अप्पा उंबऱ्यातच बसले, पाठ माझ्याकडे करून. ताणणारं कापड म्हणजे ओल्या साबणासारखं, सुईखालून निसटतं. साधी टीप घालून शिवलं तर माणूस वाकल्याबरोबर दोरा तटतट तुटणार, एवढं मला कळत होतं. म्हणून मी कापड पुढून आणि मागून दोन्ही हातांनी ओढून धरलं, ताणातच शिवत गेले, आणि एका टिपेवर दुसरी घातली. मशिनीत अप्पांचं कालचं काळं रीळ होतं, तेच ठेवलं. मी शिवायला घेतलं तेव्हा अप्पा खोकले. अर्ध्यावर आले तेव्हा परत खोकले. शेवटी तर इतके खोकले की आई गरम पाण्यात आलं घालून घेऊन आली. मला वाटलं, चिंचेचा ठसका.

बिबट्याने शिवण दोन्ही मुठींत धरून ओढून बघितली, मान हलवली आणि मला बेटी म्हणाला. व्यवस्थापकाने खिशातून तीन पास काढून ठेवले, अगदी पहिल्या रांगेचे. रिक्षा गेली. मी पास छातीशी धरून उभी होते आणि अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुती रीळच ठेवलंस."

ताणणाऱ्या कापडाला नायलॉनचा दोरा लागतो, तो जरा तरी लवतो. सुती दोरा लवत नाही, सरळ तुटतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी त्यांना म्हणाले, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, काम चालू असताना कसं सांगणार, एकादशी आहे. मग आता कसं सांगताय? तर म्हणे, आता काम झालं, आता ही नुसती काळजी. मी गल्लीच्या तोंडापर्यंत पळाले. रिक्षा केव्हाच वळून गेली होती. तो खोकला चिंचेचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

उरलेला दिवस घरात कोणी धड बोललं नाही. दुपारी आई भिजवलेल्या साबुदाण्याशी बोलत होती, अप्पा टाळांशी. चारच्या सुमारास मी नायलॉनचं रीळ आणि सुई पदराच्या टोकाला बांधली आणि निघाले, तर अप्पा टोपी घालून तयार. देवळातल्या भजनात अप्पांच्या टाळावर बाकीचे ठेका धरायचे, एकादशी त्यांनी कधी चुकवली नव्हती. मी विचारलं, भजन? ते म्हणाले, शिवण माझ्या दुकानातनं गेलीय, मला तिथं असायला हवं. आईने त्यांना विचारलं, अहो, एवढ्या उकाड्यात शाल कशाला? अप्पांनी शालीची घडी बगलेत घट्ट केली. म्हणाले, उसवलीच तर त्याच्या अंगावर टाकता येईल. माणसाची लाज आहे ती.

मला हसूही आलं आणि रडूही. माझं दुकान जाणार की राहणार ही माझी काळजी, आणि अप्पा त्या बिबट्याची अब्रू बगलेत घेऊन निघाले होते.

मैदानावर ही गर्दी. नंजनगूडच्या कारखान्यांतली माणसं पाळी संपवून तशीच गणवेशात आली होती. पिरियापट्टणचे तंबाखूवाले शेतकरी टेम्पो भरभरून उतरत होते. गरडीतले खरे पैलवानही आले होते, हाताच्या घड्या घालून, आपण चुकून इथे आलो असं दाखवत. मी आधी पैलवानांच्या तंबूकडे धावले. दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं की मला बिबट्याची शिवण परत घालायची आहे. तो म्हणाला, आज सकाळपासून एकीने त्याला राखी बांधायची आहे म्हणून सांगितलं, एक त्याची मावशी होती, शिंपीण तू पहिलीच. रीळ दाखवलं तरी त्याने सोडलं नाही. मी परत येऊन जाग्यावर बसले. आता जे होईल ते होईल.

टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा ते सगळं लहान होतं आणि कितीतरी जास्त सुंदर होतं. चौकटीचे दोर इतके जवळ की हात लांबवला तर लागले असते. दिव्यांचे खांब, लांब सोंडेवर झुलणारा कॅमेरा, आणि एक पोऱ्यासारखा दिसणारा बाप्या, ज्याचं काम आम्हाला टाळ्या शिकवण्याचं होतं. अजून कोणीही आलेलं नसताना त्याने आम्हाला आनंद करायला लावला, मग राग करायला लावला, आणि कॅमेऱ्याने ते सगळं भरून घेतलं. अप्पांनी हात वर केले की ते आपोआप भजनाच्या ठेक्यात पडायचे. दोन मिनिटांत आमची अख्खी बाजू त्या ठेक्यात टाळ्या वाजवू लागली आणि तो बाप्या खूश होऊन अप्पांना अंगठा दाखवू लागला. मी चुरमुरी, म्हणजे आमच्याकडची सुकी भेळ, खात होते. अप्पा उपाशीपोटी तिच्याकडे बघत होते, पण मी पुडा लपवला नाही.

मग सॅटिनवाला आला. धूर, बाजा, पांढरा झगा, सोनेरी काठ. मी किंचाळले. इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आई माझा दंड धरून बसली होती आणि तीसुद्धा ओरडत होती. झगा आमच्या अगदी पुढून गेला. अप्पांच्या तोंडून निसटलं, काठाला अस्तर नाही.

मागून बिबट्या आला आणि सगळं मैदान त्याच्यावर हुर्यो करत उठलं. आम्ही तिघंच गप्प. तिघांच्या नजरा एकाच जागी, आणि ती जागा सभ्य माणसांनी बघायची नव्हे. तो दोर ओलांडायला वाकला. शिवण ताणली गेली, पांढरी पडली, आणि परत मिटली. आईने "विठ्ठला" म्हटलं.

लढत सुरू झाली. कोण कोणाला कधी उचलणार, कोण कधी पडणार, शेवटी कोण जिंकणार, हे सगळं त्या दोघांनी आधीच ठरवलेलं असणार. त्या चौकटीत एकच गोष्ट कोणीही ठरवलेली नव्हती, ती म्हणजे माझी शिवण. मी जन्मात इतकी खरी कुस्ती बघितली नाही. बिबट्या आपटला की मी डोळे मिटायची, उठला की शिवण बघायची. ज्याच्यासाठी रविवारी उपाशी राहिले तो सॅटिनवाला माझ्या डोळ्यांपुढे होता आणि मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, बाबा रे, जरा हळू.

तो कशाला हळू घेतो? त्याने बिबट्याला पालथं पाडलं, मैदान पेटलं, आणि मग त्याने बिबट्याचा पोशाख नेमका मागून, नेमका तिथेच, मुठीत धरला आणि त्याला धरूनच वर उचलायला लागला. लोक नाचत होते. एवढा माणूस माझ्या सुती दोऱ्याला लटकला होता.

अप्पा उठले. उपाशी, सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोचा माणूस, त्याच्यातून एवढा आवाज कुठून आला देव जाणे. त्यांनी कन्नडमध्ये आरोळी ठोकली, "बट्टे बिडो!" कापड सोड!

आमच्या मागच्या माणसाला वाटलं, सॅटिनवाला लबाडी करतोय आणि या म्हाताऱ्याने ती पकडली. कापड धरणं गरडीच्या नियमात बसत नाही हे म्हैसूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानेही ओरडायला सुरुवात केली. मग त्याच्या मागच्याने. मग हाताची घडी घालून बसलेल्या खऱ्या पैलवानांनी घडी सोडली आणि तेही उठले. बघता बघता सगळं मैदान अप्पांच्या भजनाच्या ठेक्यात "बट्टे बिडो, बट्टे बिडो" म्हणू लागलं. सोंडेवरचा कॅमेरा वळला, अप्पांच्या तोंडासमोर येऊन थांबला, आणि ते टीव्हीवर गेले ते असे. सॅटिनवाला गोंधळला. इतक्या गावांत त्याच्यावर कोणी ओरडलं नसणार. त्याने कापड सोडलं.

बिबट्या उभा राहिला. शिवण जागच्या जागी होती.

मी रडत होते आणि हसत होते. आईने माझी चुरमुरी कधी संपवली ते मला कळलं नाही, आणि एकादशी तिचीही होती. तेवढ्यात सॅटिनवाला आपली हौस भागवायला कोपऱ्यातल्या खांबावर चढला, हात पसरले, आणि तिथून त्याने झेप घेतली. ती झेप आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो खाली आला आणि आमच्या तिघांच्याही कानांनी तो आवाज सगळ्यांच्या आधी ओळखला. सॅटिन फाटलं होतं. मागून, वरपासून खालपर्यंत.

माझा लाडका पैलवान दोन्ही हात मागे धरून चौकटीच्या मधोमध उभा होता. मैदान खदाखदा हसायला लागलं. बिबट्याने जे केलं ते मी विसरणार नाही. तो पोट धरून कोसळला, कण्हत लोळू लागला, त्याला काहीएक लागलेलं नसताना. सगळ्यांनी त्याच्याकडे बघावं म्हणून. आणि अप्पांनी बगलेतली शाल काढून भिरकावली. जिच्यात ते आयुष्यभर भजनाला बसले ती तपकिरी शाल, दोरांवरून सॅटिनवाल्याच्या खांद्यावर पडली.

त्याने ती कमरेला गुंडाळली, पंच्यासारखी वर खोचली आणि मांडीवर थाप मारली. मैदानाने जो जल्लोष केला तो कोणी शिकवलेला नव्हता. लोकांना वाटलं, आपल्यासाठी, म्हैसूरसाठी मुद्दाम केलं. मग ठरल्याप्रमाणे त्याने बिबट्याला पाडलं आणि तो जिंकला, अप्पांच्या शालीत. टीव्हीवर फाटलेलं दाखवलं नाही. आधी चड्डी होती, मग एकदम शाल होती, आणि गल्लीतले लोक अजून विचारतात की मध्ये काय झालं.

परत जाताना बिबट्या आमच्या पुढून गेला. अप्पांनी चष्मा पुसला, वाकले, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. घरी चालत येताना मी एवढंच विचारलं, बघितलंत? ते म्हणाले, आज काही बोलायचं नाही, एकादशी आहे. आणि भजन संपायच्या आत देवळात पोचायला हवं म्हणून पुढे निघून गेले. मी आईला म्हणाले, आता "बघू" म्हणतील. आई म्हणाली, सुम्ने चल, गप.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. अप्पांनी सकाळी उपास सोडला, मशिनीवरचं कापड काढलं, कुंकू पुसलं, पट्टा चढवला. मी दाराआड उभी होते, जिथे रोज असायची तिथेच. नऊ वाजले असतील. दुकानापुढे रिक्षा कलंडली आणि सॅटिनवाला उतरला. साधी पँट, चेहऱ्यावर झोप, एका हातात धुऊन घडी घातलेली शाल आणि दुसऱ्या हातात फाटलेली चड्डी. त्याने शाल अप्पांना दोन्ही हातांनी दिली, वाकून नमस्कार केला. म्हणाला, दुपारी गाडी आहे, बिबट्याने सांगितलं, शिवायचं तर इथेच.

त्याने सॅटिन अप्पांपुढे धरलं. द्वादशी होती. अप्पांची सुई मोकळी होती, कात्री मोकळी होती, जीभही मोकळी होती. त्यांनी सॅटिन घेतलं नाही. ते मशिनीवरून उठले, स्टूल पदराने पुसावं तसं उपरण्याने पुसलं आणि आतल्या दाराकडे हात केला.

"आमच्याकडं हे ती शिवते," ते म्हणाले.

ज्याच्यासाठी मी किंचाळले होते तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि मला मान वर करून त्याच्याकडे बघता येईना. मी स्टुलावर बसले. पाय पायडलवर ठेवले. अप्पा उंबऱ्यात जाऊन बसले, या वेळी तोंड माझ्याकडे करून. मी खण उघडला, रिळांवरून बोट फिरवलं, पांढरं रेशमी रीळ उचललं आणि हात तसाच धरून थांबले.

खोकला आला नाही.